आटवलेला अर्धा कप

माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण मी केलं. हे मी असंच छाती पुढे काढून सांगतो, आणि ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग मिशांकडे. बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, पण माहेरात आईच नसेल तर काय करायचं, याबद्दल रीत काही बोलत नाही. आमच्या कळंबोलीच्या सोसायटीतल्या बायका मात्र बोलल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई तर जिन्यातच म्हणाल्या, "काका, तुमच्याच्याने नाही व्हायचं. बाळंतपण म्हणजे काय ट्रकचं वजन करण्याइतकं सोपं आहे का?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ताई, सोपं तेही नव्हतं." आणि तिथल्या तिथे ठरवलं की आता करायचं म्हणजे करायचं.

ट्रकचं वजन म्हणजे काय ते सांगतो. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होतो. सळयांनी, पत्र्यांनी भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, वजन घ्यायचं, पावती फाडायची, की पुढचा. उभी हयात त्यात गेली. त्या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. एक, हे तापट डोकं. दिवसातून चार जण तरी "साहेब, जरा बघा ना" करत काटा इकडचा तिकडे करायला सांगायचे आणि मी त्यांना केबिनबाहेर हाकलायचो. दुसरी गोष्ट म्हणजे चहा. आमच्या काट्यासमोर एक टपरी होती आणि तिथे ड्रायव्हर लोकांचा चहा वेगळा व्हायचा. दुप्पट पावडर टाकायची आणि पातेलं निम्मं होईपर्यंत आटवायचं. पुढे एक्स्प्रेसवेने घाट चढायचाय, डोळा लागून चालणार नाही, म्हणून. मला त्या चहाचा असा नाद लागला की मी तो शिकून घरी आणला. बायको नाक मुरडायची. मुलगी मात्र त्याच चहावर वाढली. बारावीचा अभ्यास, डिग्रीचा अभ्यास, पहिल्या नोकरीची पहिली पहाट, सगळ्याला बाबांचा चहा. बाकी लाड मला कधी जमले नाहीत. जे काय होतं ते मी कपात ओतून द्यायचो.

मुलगी-जावई राहतात ऐरोलीला. ती तिथे एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे आणि तो उरणच्या बाजूला गोदामात, शिफ्टमध्ये. दिवस भरत आले तशी ती माझ्याकडे आली. मुलगी झाली, सगळं नीट झालं, तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या आणि निवृत्त माणसाची नोकरी पुन्हा सुरू झाली. मोबाइलवर बघून बघून मी अळिवाची खीर शिकलो. डिंकाचे पहिले लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागला, दुसऱ्या वेळचे मात्र बरे झाले. बाजरीची भाकरी मला आधीपासून येते, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. लंगोट बदलायला मी अर्ध्या दिवसात शिकलो आणि हे मी अजून लोकांना न विचारता सांगतो.

पण मी केलं ते काहीच नाही. आईच्या अंगावर दूध आलं की बाळ पितं, हे आपोआप होतं असं मला साठीपर्यंत वाटत होतं. आपोआप काही होत नाही. पहिले दहा दिवस पोरीचे असे हाल झाले की बघवत नव्हतं. बाळ नीट धरायचं नाही. धरलं की हिला इतकं दुखायचं की ती दोन्ही पाय जमिनीवर दाबून धरायची, डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजायची, आणि दहा झाले की डोळे उघडून बाळाकडे बघून हसायची. दर दोन तासांनी हे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचो आणि परत आत यायचो. बाप-लेकीत ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत त्या ती बोलायला शिकली आणि मी ऐकायला शिकलो. "बाबा, गरम पाण्याचा फडका द्या," म्हणाली की कशाला, हे मी विचारत नव्हतो. एकदा ताप भरला, तरी पाजणं सोडलं नाही. लोखंड उचलणारे हमाल मी आयुष्यभर बघितलेत. पण जिद्द काय असते ते मी त्या खोलीत बघितलं, खोटं कशाला बोलू.

घरात रोज येणारं बाहेरचं माणूस एकच होतं, मालिशवाली बाई. आमच्या सोसायटीच्या मागे जुना गाव आहे, सिडको यायच्या आधीपासूनचा, त्या गावातली. वय माझ्याएवढंच असेल. किती बाळं तिच्या मांडीवरून गेली असतील, तिची तिलाही गणती नव्हती. सकाळी दहाच्या सुमारास यायची, आधी मुलीला तेल लावायची, मग पाय पसरून बाळ मांडीवर घ्यायची. तिचे हात बघत बसावे असे होते. घाई नाही, जोर नाही, आणि तरी बाळाच्या अंगातला एकही सांधा सुटायचा नाही. मालिश, आंघोळ, ओव्याची धुरी, मग फडक्यात घट्ट गुंडाळून आईकडे द्यायची आणि म्हणायची, "घे बाय, आता दुपारपातूर बघायला नको." आणि तिच्या हातातली सगळी बाळं म्हणे दुपारपर्यंत झोपायचीच.

आमचं बाळ झोपायचं नाही.

म्हणजे दूध प्यायचं, पोट भरायचं, डोळे मिटायचे, आणि पंधरा-वीस मिनिटांत टक्क जागं. हात-पाय दचकल्यासारखे उडायचे. मुठी आवळलेल्या. डोळे एवढे मोठे करून छताकडे बघायचं आणि मग रडायला लागायचं ते थांबायचंच नाही. दिवस नाही, रात्र नाही. बाई मालिश करता करता म्हणायची, "आंग सोडीत नाय पोरगी. माज्या हातात आंग सोडीत नाय असं पोर मी बघितलं नाय." तिला ते लागलं होतं. तिच्या कामाचा अपमान झाल्यासारखं ती बाळाच्या मुठी पुन्हा पुन्हा उघडून बघायची.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा आम्ही कामोठ्याला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बाळाला तपासलं, वजन केलं. मी काट्यावरचा माणूस, आकड्याकडे माझं बारीक लक्ष. वजन छान वाढलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मग मुलीला विचारलं, "तुम्ही दिवसातून चहा-कॉफी किती घेता?" मुलगी म्हणाली, "कॉफी बंद केली. चहा होतो चार-पाच वेळा. मोठ्या मगमधून." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चहा-कॉफीत कॅफीन असतं, आई जे पिते त्यातलं थोडंसं कॅफीन दुधातून बाळाला जातं. आपल्या अंगातून ते काही तासांत निघून जातं, पण एवढ्याशा बाळाच्या अंगातून निघायला दिवस लागतात. आधीचं गेलेलं नसतं तोवर नवीन येतं आणि साठत राहतं. कुठल्या कुठल्या बाळाला मग झोप लागत नाही, चुळबुळ होते. "चहा अजिबात सोडा असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण खूप कमी करा. दोन वेळा, अर्धा-अर्धा कप, बास. दोनेक आठवडे करून बघा. आणि चॉकलेट, कोल्ड्रिंक, काही डोकेदुखीच्या गोळ्या, यातही ते असतं हे लक्षात ठेवा."

मुलगी रिक्षातच मला म्हणाली, "बाबा, आजपासून मला सकाळी अर्धा आणि दुपारी अर्धा. मी मागितला तरी द्यायचा नाही." आणि तिने पाळलं. ऑफिसच्या मैत्रिणी बाळ बघायला चॉकलेटचा मोठा डबा घेऊन आल्या होत्या, तो तिने खाली वॉचमनच्या पोरांना देऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं ठणकायला लागलं. इतक्या वर्षांची सवय, ती काय अशी सुटते. ओढणी डोक्याला घट्ट बांधून बसायची, उजेड नको म्हणायची, आणि बाळ रडलं की तशीच उठायची. मी कपाटातली डोकेदुखीची गोळी आणून दिली. तिने पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. "बाबा, यातही तेच आहे." एवढंच. कुरकुर नाही, काही नाही. मी असतो तर अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती.

तीन दिवस मी ते बघितलं. चौथ्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. बाळ सगळ्यांचं होतं हो, डॉक्टरीणबाईंचं, बाईचं, जावयाचं. माझी पोर कोणाची होती? तिचं दुखणं कोण बघणार? मी विचार केला, डॉक्टरांनी अर्धा कप सांगितलाय ना, अर्धाच देऊ. पण त्या अर्ध्या कपात माझ्या पोरीला पूर्ण चहा प्यायल्याचं समाधान मिळायला पाहिजे. म्हणून मी पातेल्यात दोन कप पाणी ठेवलं, चांगली तीन चमचे पावडर टाकली, आलं ठेचून टाकलं आणि आटवत बसलो. पाव कप उरेपर्यंत. मग गाळला. रंग लपवायला दूध सढळ घातलं.

रंग लपवायला, हे मी मुद्दाम लिहिलंय. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की मला कुठे माहीत होतं, मला वाटलं कप मोजायचे असतात. पण माहीत नसतं तर रंग कशाला लपवला असता?

मुलीने घोट घेतला आणि तिचा चेहरा असा खुलला की मला भरून आलं. "वा बाबा," म्हणाली, "अर्ध्या कपात पण तुमचा चहा कसला लागतो." दुपारी परत तसाच केला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी तिने डोक्याची ओढणी सोडली. "गेलं डोकं दुखायचं. सवय झाली बहुतेक," म्हणाली. आणि मी येडा स्वयंपाकघरात उभा राहून स्वतःवर खूश. डोकं का थांबलं, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. जे अंगाला हवं होतं ते परत मिळायला लागलं, म्हणून थांबलं. पण आपलंच कौतुक चालू असलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

असे दोन आठवडे गेले. बाळात ढिम्म फरक नाही, उलट जास्तच. मुलीच्या डोळ्यांखाली काळं झालं. बोलणं कमी झालं. तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला, मी समोरच होतो. "मॅडम, चहा अर्ध्या-अर्ध्या कपावर आणून दोन आठवडे झाले. एक दिवससुद्धा चुकवलं नाही. काहीच फरक नाही." तिकडून त्या म्हणाल्या की मग कारण चहा नसेल, काही बाळं असतातच अशी, वजन छान आहे, तुम्ही पाजत राहा, धीर धरा. चांगलंच बोलल्या. पण मुलीने त्यातलं एकच उचललं. चहा नाही, म्हणजे मग मीच. त्या दिवसापासून ती बाळाला घेताना आधी थांबायला लागली. बाळ रडतंय, भूक लागलीय हे दिसतंय, आणि ही दोन मिनिटं नुसती बघत बसायची. तिला भीती वाटत होती आपल्याच दुधाची.

मग एका शनिवारी सकाळी मी तिला जावयाशी फोनवर बोलताना ऐकलं. "उद्या येताना दूध पावडरचा डबा घेऊन ये. मी बंद करतेय. माझं दूध तिला सोसत नाही रे. मी पाजते आणि ती तळमळते, मला नाही बघवत." आवाज शांत होता. तोच मला जास्त लागला. डब्याच्या दुधावर वाढलेली पोरं काही वाईट निघत नाहीत, आमच्या सोसायटीत धडधाकट हिंडतायत. एखादीला ते पटलं, सोयीचं वाटलं, तर कोणी नावं ठेवायचं कारण नाही. पण हिला ते नको होतं. दहापर्यंत आकडे मोजून जे तिने मिळवलं होतं, ते ती आपला दोष म्हणून सोडायला निघाली होती.

तेवढ्यात बाई आली. मुलीचं तेल लावून झालं, मी तिचा अर्धा कप आणून दिला आणि बाळ आतून रडायला लागलं. मुलगी कप तसाच स्टुलावर ठेवून आत गेली. बाई आमच्याकडे चहा कधी घ्यायची नाही, घरून पिऊन यायची. पण टाकाटाक तिला चालायची नाही. "निवून जाईल, द्या हिकडं," म्हणून तिने कप उचलला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, यो चहा हाय का डांबर?"

मी उगाच स्टूल पुसायला लागलो.

"माजा पोरगा कंटेनरची गाडी चालवतो उरनशी," ती म्हणाली. "त्याला पन असाच लागतो, झोप येऊ नये म्हनून. तुमी या बाळंतनीला कुठं गाडी चालवायला धाडताय?"

"अर्धाच कप असतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

"आनि पातेल्यात किती असतो?"

तिने बरोब्बर बोट ठेवलं. मी जे दोन आठवडे स्वतःला विचारलं नव्हतं ते तिने एका घोटात विचारलं. अशा बाईला हात जोडावेत. शाळा किती शिकली होती देव जाणे, पण समोरचं बाळ काय सांगतंय ते सोडून ती दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायची नाही. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती चिडली नाही. कप घेऊन गेली, मोरीत ओतला, विसळून ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी नाय सांगनार तिला. बाप तुमी हाव, तुमी सांगा. पन आज सांगा."

ती बाळाकडे गेली आणि मी बाल्कनीत जाऊन बसलो. समोर रस्त्यावरून ट्रेलर चालले होते. मला रोज काटा चुकवायला सांगणारी माणसं आठवली. बायको आजारी असतानाही मी एक किलो इकडचा तिकडे केला नव्हता, आणि याचा मला केवढा ताठा. आणि माझ्या पोरीने मोजून अर्धा कप मागितला, तर मी घरातल्या घरात खोटं वजन दाखवलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, चहा कमी केला. डॉक्टरांनी त्यावर प्रामाणिकपणे सांगितलं, मग चहा नसेल. दोघी खऱ्या. मधे मी. आणि त्या खोट्या आकड्यावर आता माझी पोर स्वतःला दोषी ठरवून बसली होती. मला माझीच शिसारी आली.

पुढचं आधी सांगून टाकतो. त्या दिवसानंतर तिला साधा चहा मिळाला, एक उकळी आलेला, फिक्कट, अर्धा कप, दोनदाच. तिचं डोकं पुन्हा तीन दिवस ठणकलं आणि पुन्हा ती ओढणी बांधून बसली, पुन्हा कुरकुर नाही. सहाव्या दिवशी बाईने बाळाला न्हाऊ घालून गुंडाळलं आणि मुठी उघडल्या, त्या उघड्याच राहिल्या. बाळ झोपलं. बाईला पुढच्या घरी जायचं होतं, पण ती गेलीच नाही. पाय पसरून तासभर तिथेच बसून राहिली, कोणी भांडं वाजवलं तर डोळे वटारायची. डबा आणलेला होता, तो न फोडताच परत गेला. डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आजोबा, चहामुळेच होतं असं छातीठोक मी नाही सांगणार. या वयात बाळं आपोआपही शांत व्हायला लागतात. पण तुम्ही पातेल्यापासून लांब राहा." राहिलो. नात आता दोन वर्षांची आहे आणि झोपली की उठवावी लागते.

बघा, अजूनही मी टाळतोय. दुपारचं सांगायचं आहे ते राहिलंच.

शनिवारी दुपारी चार वाजता मी तिच्या खोलीत गेलो. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, बाळ खांद्यावर, रडून रडून दमलेलं, पण जागं. माझ्या हातात चहा नव्हता, म्हणून तिने वर बघितलं. मी खुर्ची ओढली. आयुष्यात मी कोणाची माफी मागितलेली नाही, बायकोचीही नाही, हे माझ्या लेकीला पक्कं माहीत आहे. मला सुरुवातच सापडेना. मी आधी टपरीचं सांगायला लागलो, मग घाटाचं, मग ड्रायव्हरचं. ती म्हणाली, "बाबा, काय झालंय?"

मी म्हटलं, "तुझा चहा मी कमी केला नाही. कप अर्धा दिला. पण दोन कप आटवून त्याचा अर्धा केला. पावडर तीन चमचे. रोज, दोन्ही वेळा. तुझं डोकं दुखत होतं ते मला बघवलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडावं असं मला वाटत होतं. भांडं फेकून मारलं असतं तरी चाललं असतं.

"डॉक्टरांना मी फोन केला तेव्हा पण?" तिने विचारलं.

"तेव्हा पण. मी समोर होतो. गप्प बसलो."

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

बाळाच्या पाठीवर तिचा हात फिरत होता तो थांबला. मी मान खाली घातली. म्हटलं, "मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकतो."

माझ्यावर ती चिडली, चांगली चिडली, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि जावयासमोर. माझ्या चहाच्या पावडरचा डबासुद्धा तिने उचलून माळ्यावर टाकला. त्या दुपारी मात्र मी तिच्या मनात कुठे नव्हतोच. तिचे ओठ हलले आणि आवाज आला तो एकदम लहान, शाळेतल्या पोरीचा असावा तसा.

"म्हणजे बाबा, माझं दूध वाईट नाही?"

मी म्हटलं, "नाही गं पोरी. तुझं दूध चांगलं आहे. वाईट मी केलं."

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. तिने बाळाला खांद्यावरून खाली घेतलं, ओढणी ओढली, या वेळी न थांबता. बाळाने धरलं. तिने आकडे मोजले नाहीत. डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते पुसलं नाही, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला, मधेच थांबावं लागलं. ती थांबली माझ्यासाठी, पण पूर्ण वाक्य तिने माझ्याकडून बोलून घेतलंच.